अ‍ॅड्रेस बारमधील शोधसुविधा आणि सामान्यनामांच्या डोमेनचे मूल्य : एक चिकित्सा

सारांश : 'बिझनेस', 'पेट्स', 'नौकरी' यांसारख्या सामान्यनामांवर घेतलेल्या डोमेन नावांना 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात मोठे बाजारमूल्य प्राप्त झाले. पुढे ब्राउझरच्या अ‍ॅड्रेस बारमध्येच शोधसुविधा समाविष्ट झाल्याने हे मूल्य नष्ट झाले, असे मत सातत्याने मांडले जाते. प्रस्तुत लेखात या मताची चिकित्सा केली आहे. हे मूल्य नष्ट न होता त्याचा मोठा भाग नावाच्या धारकाकडून शोधचौकटीच्या धारकाकडे स्थलांतरित झाला आणि उरलेल्या भागाचे स्वरूप बदलले, असा निष्कर्ष लेखात काढण्यात आला आहे.

बीजशब्द : डोमेन नाव, सामान्यनाम, अ‍ॅड्रेस बार, शोधयंत्र, थेट वर्दळ, व्यापारचिन्ह

प्रस्तावना

मराठी व्याकरणात नामाचे सामान्यनाम व विशेषनाम असे भेद सांगितले जातात. सामान्यनाम संपूर्ण जातीचा बोध करून देते, तर विशेषनाम एकाच व्यक्तीचा वा वस्तूचा. इंटरनेटवरील डोमेन नावाच्या व्यवस्थेने या भेदासमोर एक चमत्कारिक प्रश्न उभा केला. एखादा शब्द अर्थाने सामान्यनाम असला तरी डॉट कॉम जोडल्यावर तो जगात एकाच धारकाचा होऊ शकतो. 'नोकरी' हा शब्द सर्वांचा आहे. परंतु त्या शब्दाचा डॉट कॉमवरील पत्ता एकाचाच असतो. सर्वांच्या मालकीचा शब्द एकाच्या ताब्यात जाण्याच्या या शक्यतेतून डोमेन नावांचा बाजार उभा राहिला.

या बाजारातील किमतींचा विचार करताना नावाचे सौंदर्य, लांबी, स्मरणसुलभता या गुणांचीच चर्चा अधिक होते. ते नाव जेथे टंकित केले जाते त्या चौकटीचा, म्हणजे ब्राउझरच्या अ‍ॅड्रेस बारचा, विचार त्या मानाने कमी झाला आहे. वस्तुतः नावाची किंमत ही त्या चौकटीच्या वर्तनावर अवलंबून असते. चौकटीचे नियम बदलले की नावाचा भाव बदलतो. हे नियम कोणी बदलले, त्याचा लाभ कोणास झाला आणि सामान्य वापरकर्त्याच्या वाट्यास काय आले, हे प्रश्न या दृष्टीने महत्त्वाचे ठरतात.

सामान्यनामाच्या डोमेनचे मूल्य : तीन घटक

डोमेन नाव प्रणालीची मांडणी पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 मध्ये केली. संगणकाचे अंकरूप पत्ते माणसाच्या स्मरणात राहत नाहीत, म्हणून त्यांना नावे देणे हा तिचा मर्यादित हेतू होता. पहिले डॉट कॉम नाव 15 मार्च 1985 रोजी नोंदले गेले. 1995 च्या सप्टेंबरपर्यंत अशी नोंदणी विनाशुल्क होती; त्यानंतर दोन वर्षांसाठी 100 डॉलर असा दर लागू झाला. ज्या वस्तूला आरंभी किंमतच नव्हती, तिला अल्पावधीत प्रचंड किंमत आली. बिझनेस डॉट कॉम हे नाव 1997 मध्ये 1 लाख 50 हजार डॉलरला आणि 1999 मध्ये 75 लाख डॉलरला विकले गेले. दोन वर्षांत किंमत पन्नास पट झाली.

या किमतीचे तीन घटक मानता येतात. पहिला घटक थेट वर्दळीचा. वापरकर्ता कोणत्याही शोधयंत्राकडे न जाता इच्छित वस्तूचे नाव डॉट कॉमसह टंकित करून पाहतो व धारकाच्या संकेतस्थळावर पोहोचतो. दुसरा घटक शोधयंत्रातील स्थानाचा. शोधलेला शब्द आणि डोमेन नाव एकच असेल तर निकालांत वरचे स्थान मिळण्यास साहाय्य होते. तिसरा घटक प्रतिष्ठेचा. संपूर्ण व्यवसायक्षेत्राचे नाव ज्याच्याकडे आहे, तो त्या क्षेत्रातील प्रमुख असावा, असा ग्रह निर्माण होतो.

यांपैकी पहिल्या घटकावर एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. संकेतस्थळावर काहीही मजकूर न ठेवता केवळ जाहिराती लावायच्या आणि चुकून वा अंदाजाने आलेल्या वापरकर्त्याच्या प्रत्येक टिचकीमागे पैसे मिळवायचे, असे त्याचे स्वरूप होते. मार्चेक्स या अमेरिकन कंपनीने 2004 च्या नोव्हेंबरमध्ये एक लाखाहून अधिक नावांचा असा संग्रह सुमारे 16 कोटी 40 लाख डॉलरला घेण्याचे जाहीर केले. या व्यवहारात माल, कारखाना, गोदाम असे काहीच नव्हते. लोकांच्या अंदाजाने टंकित करण्याच्या सवयीची ती खरेदी होती. मुंबईत पागडी देताना भिंतींपेक्षा दारावरून जाणाऱ्या गिऱ्हाइकांचा हिशेब केला जातो, तसाच हा प्रकार होता.

चौकटीचा प्रवास

ही सवय नैसर्गिक नव्हती. ती ब्राउझरने घडवलेली होती. प्रारंभीचे काही ब्राउझर एकच शब्द टंकित केल्यास त्याच्या पुढेमागे आवश्यक अक्षरे जोडून डॉट कॉमचा पत्ता स्वतःच तयार करीत. म्हणजे सामान्यनामाच्या धारकाकडे वाट वळवणारा पहिला वाटाड्या ब्राउझरच होता. धारकांनी ही वाट कायमची गृहीत धरली, येथेच त्यांच्या हिशेबातील मूलभूत दोष दिसतो.

ही वाट आपल्याकडे वळवण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. नेटस्केपने 1998 मध्ये अ‍ॅड्रेस बारमध्ये शब्द टंकित करून संकेतस्थळ गाठण्याची सोय आणली. रिअलनेम्स या कंपनीने असे शब्दच विकण्याचा व्यवसाय मांडला व मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये तिला स्थान मिळाले. परंतु 2002 मध्ये मायक्रोसॉफ्टने करार पुढे चालू न ठेवल्याने ती कंपनी बंद पडली. ही घटना उद्बोधक आहे. ज्याची चौकट त्याचा अधिकार, हे तिने प्रथम स्पष्ट केले.

15 सप्टेंबर 2003 रोजी डॉट कॉमची नोंदवही सांभाळणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीने साइट फाइंडर ही सेवा सुरू केली. अस्तित्वात नसलेले कोणतेही डॉट कॉम वा डॉट नेट नाव टंकित केले असता वापरकर्ता व्हेरिसाइनच्या शोधपृष्ठावर जाऊ लागला. तंत्रज्ञांचा तीव्र विरोध झाला आणि डोमेन व्यवस्थेची देखरेख करणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या आग्रहामुळे अवघ्या तीन आठवड्यांत ही सेवा थांबवावी लागली. वस्तुतः चुकीच्या नावाला शोधपृष्ठाकडे नेण्याचे काम इंटरनेट एक्सप्लोरर त्याआधीपासून करीत होता. तेच काम नोंदवहीने केले तेव्हा तो सार्वजनिक विश्वासाचा भंग मानला गेला. ब्राउझरने केले तेव्हा ती सोय मानली गेली. हा दुहेरी न्याय पुढील सर्व घडामोडींच्या मुळाशी आहे.

फायरफॉक्सने 2004 मध्ये स्वतंत्र शोधचौकट दिली. त्याच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये टंकित केलेला सुटा शब्द गुगलच्या पहिल्या निकालाकडे जाई. 2008 हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षीच्या जूनमध्ये आलेल्या फायरफॉक्सच्या तिसऱ्या आवृत्तीत, वापरकर्त्याने पूर्वी भेट दिलेल्या पृष्ठांच्या शीर्षकांतूनही शोध घेण्याची सोय अ‍ॅड्रेस बारमध्ये आली. सप्टेंबरमध्ये गुगलने क्रोम ब्राउझर आणला व पत्ता आणि शोध या दोन चौकटी एक केल्या. 2011 मध्ये इंटरनेट एक्सप्लोररने, 2012 मध्ये सफारीने व 2017 मध्ये फायरफॉक्सने हीच रीत स्वीकारली. आता टिंब नसलेला सुटा शब्द हा पत्ता न राहता प्रश्न ठरू लागला.

मूल्यनाशाच्या मताची चिकित्सा

वरील इतिहासावरून चौकट एक झाली आणि सामान्यनामाच्या डोमेनचे मूल्य संपले, असा निष्कर्ष सहज काढला जातो. त्यात तथ्यांश आहे. थेट वर्दळीचा घटक खरोखरच क्षीण झाला. नाव आठवण्याचे काम माणसाकडून यंत्राकडे गेले. एकदा भेट दिलेले संकेतस्थळ एकदोन अक्षरांतच समोर येत असल्याने नाव सोपे असण्याचा लाभ घटला. लेखनदोषांची दुरुस्ती शोधयंत्र करू लागल्याने चुकीच्या स्पेलिंगवर घेतलेल्या नावांचे उत्पन्नही आटले. दुसऱ्या घटकावर गुगलने 2012 च्या सप्टेंबरमध्ये आघात केला. शोधशब्दाशी तंतोतंत जुळणाऱ्या, परंतु निकृष्ट मजकूर असलेल्या डोमेनना मिळणारे वरचे स्थान काढून घेणारा बदल तेव्हा करण्यात आला. अमेरिकेतील इंग्रजी शोधांपैकी 0.6 टक्के शोधांवर त्याचा जाणवण्याजोगा परिणाम होईल, असे गुगलने त्या वेळी सांगितले होते.

तथापि या मतात दोन त्रुटी आहेत. पहिली त्रुटी कालक्रमाची आहे. सामान्यनाम व्यवसायाला तारू शकत नाही, हे चौकटी एक होण्यापूर्वीच सिद्ध झाले होते. पेट्स डॉट कॉम या कंपनीकडे पाळीव प्राण्यांच्या बाजारातील सर्वांत सुलभ नाव होते. 2000 च्या फेब्रुवारीत तिने भागविक्रीतून सुमारे 8 कोटी 25 लाख डॉलर उभारले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ती बंद पडली. तिच्या अपयशाचे कारण ब्राउझर नव्हता. वस्तू पोहोचवण्याचा खर्च विक्रीच्या उत्पन्नातून भागत नव्हता. तेव्हा सामान्यनामाच्या प्रत्येक पडझडीचे खापर शोधसुविधेवर फोडणे योग्य नाही.

दुसरी त्रुटी किमतींबाबतची आहे. मूल्य संपले असते तर उच्च किमतींचे व्यवहार थांबले असते. परंतु व्हॉइस डॉट कॉम हे नाव 2019 मध्ये 3 कोटी डॉलरला विकले गेले. चॅट डॉट कॉमचा व्यवहार 2023 मध्ये 1 कोटी 55 लाख डॉलरला झाला व पुढील वर्षी ते नाव ओपनएआय कंपनीकडे आले. आता ते वापरकर्त्याला चॅटजीपीटीकडे नेते. चॅटजीपीटीसारख्या सर्वतोमुखी झालेल्या सेवेला अंदाजाने टंकित करणाऱ्यांची गरज होती, असे म्हणता येणार नाही. येथे तिसऱ्या, म्हणजे प्रतिष्ठेच्या, घटकाची खरेदी झाली. सामान्यनाम पूर्वी दुकानाकडे येणारा रस्ता होते. आता ते दुकानावरची पाटी झाले आहे. पाटीलाही मोल असते, मात्र ते मोल देणे ज्याचे दुकान आधीच चालते त्यालाच परवडते. मध्यम प्रतीच्या नावांचा बाजार मंदावला तरी निवडक नावांना मोठा भाव मिळतो, या विसंगतीचा उलगडा त्यावरून होतो.

न्यायालयीन दृष्टी

सामान्यनाम आणि विशेषनाम यांतील ही सरमिसळ न्यायालयांपुढेही आली. रेडिफच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने 1999 मध्ये डोमेन नाव हे केवळ पत्ता नसून व्यापारचिन्हाप्रमाणे संरक्षणास पात्र आहे, अशी भूमिका घेतली. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात त्याच दिशेने निर्णय दिला. परंतु शब्दच सामान्यनाम असेल तर प्रश्न अवघड होतो. 1997 मध्ये सुरू झालेल्या नौकरी डॉट कॉमने एका अक्षराच्या फरकाने घेतलेल्या नावाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने 2002 मध्ये तिच्या बाजूने मनाई हुकूम दिला. 'शादी' या शब्दाबाबत मात्र मुंबई उच्च न्यायालयात एकाच वादीला दोन भिन्न अनुभव आले. 2014 मध्ये, वादीचे नाव पृष्ठाच्या अदृश्य संकेतशब्दांत घालून वर्दळ वळवणाऱ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध त्याला संरक्षण मिळाले. 2016 मध्ये, 'सेकंड शादी' या नावाविरुद्ध अंतरिम मनाई नाकारण्यात आली. वर्दळ चोरणे आणि भाषेतील शब्द वापरणे यांतील अंतर या दोन निर्णयांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 30 जून 2020 रोजी बुकिंग डॉट कॉमच्या प्रकरणात आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला. सामान्यनामाला डॉट कॉम जोडल्याने तयार झालेले नाव सरसकट सामान्यनाम ठरत नाही. ग्राहक त्याचा अर्थ काय लावतात हे पाहिले पाहिजे, असे न्या. गिन्सबर्ग यांनी प्रतिपादन केले. न्या. ब्रेयर यांनी भिन्नमतात सर्वांच्या शब्दावर एकाची पकड घट्ट होण्याची भीती व्यक्त केली. या दोन्ही मतांमागे डोमेन नाव हेच ग्राहकापर्यंत पोहोचण्याचे द्वार आहे, ही धारणा दिसते. प्रत्यक्षात त्या वेळेपर्यंत द्वार अन्यत्र सरकले होते. कायदा पाटीच्या मालकीचा वाद सोडवत असताना रस्त्याची मालकी त्याच्या चर्चेबाहेर राहिली.

भारतीय भाषांच्या संदर्भात

इंग्रजी सामान्यनामाला एक निश्चित वर्णलेखन असते. भारतीय भाषांतील शब्द रोमन लिपीत लिहिताना ती निश्चिती नाहीशी होते. हिंदी 'नौकरी' रोमन लिपीत किमान दोनतीन प्रकारे लिहिता येते आणि मराठी 'नोकरी' त्याहून वेगळी. 2002 चा वाद याच अनिश्चिततेतून उद्भवला होता. त्यामुळे भारतीय भाषांतील सामान्यनामांना थेट वर्दळीचे निर्विवाद मूल्य कधीच पूर्णांशाने लाभले नाही. त्यांच्यापैकी जी यशस्वी झाली ती जाहिरात, सेवा व सातत्य यांच्या बळावर विशेषनामे बनली म्हणून झाली.

यावर उपाय म्हणून 27 ऑगस्ट 2014 रोजी देवनागरीतील 'डॉट भारत' ही नावव्यवस्था सुरू करण्यात आली व मराठी, हिंदी, कोंकणी यांसह आठ भाषांना आपल्या लिपीत पत्ता मिळाला. हेतू स्तुत्य होता; परंतु काळ प्रतिकूल होता. देवनागरी पत्ता उपलब्ध झाला तेव्हा पत्ता टंकित करण्याची सवयच मागे पडली होती. मराठी वापरकर्ता शोधचौकटीत देवनागरी शब्द लिहू वा बोलू लागला, आणि त्याला कोठे न्यायचे ते शोधयंत्र ठरवू लागले. इंग्रजी सामान्यनामांना सुमारे दशकभर मिळालेला थेट वर्दळीचा लाभ देवनागरी सामान्यनामांच्या वाट्यास आलाच नाही.

मूल्याचे स्थलांतर

थेट वर्दळीचे मूल्य शेवटी कोठे गेले, याचे उत्तर गुगलविरुद्धच्या अमेरिकेतील खटल्यातून मिळते. ब्राउझर व दूरध्वनी संचांत आपले शोधयंत्र पूर्वनिर्धारित राहावे यासाठी गुगलने 2021 या एका वर्षात 2,630 कोटी डॉलर दिल्याचे त्यात उघड झाले. 2022 मध्ये एकट्या अ‍ॅपलला 2,000 कोटी डॉलर मिळाले. व्हॉइस डॉट कॉमची 3 कोटी डॉलरची किंमत याच्या शेजारी ठेवली असता प्रमाण ध्यानात येते. एक रक्कम नावाच्या कायमच्या खरेदीची आहे; दुसरी, तिच्या आठशे पटींहून अधिक असलेली, चौकटीच्या एका वर्षाच्या भाड्याची आहे. या दोन वस्तू सर्वस्वी समान नाहीत, कारण शोधचौकटीतून येणारी सर्वच वर्दळ पूर्वी थेट टंकित होत नव्हती. तरीही लोकांच्या टंकित शब्दाला वळण देण्याच्या अधिकाराचा भाव कोठे गेला, हे त्यातून दिसते.

वापरकर्त्याच्या दृष्टीनेही हे स्थलांतर सर्वथा लाभाचे नाही. शोधयंत्रामुळे त्याला जाहिरातींनी भरलेल्या रिकाम्या पृष्ठांपासून सुटका मिळाली आणि लहान व्यावसायिकाला महागडे नाव न घेताही ग्राहकापुढे येण्याची संधी मिळाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु पत्ता ओळखण्याची त्याची क्षमता क्षीण झाली. 2010 च्या फेब्रुवारीत फेसबुकच्या प्रवेशासंबंधीचा एका वृत्तसंकेतस्थळावरील लेख गुगलच्या निकालांत वर आला, तेव्हा अनेकांनी त्या लेखालाच फेसबुक समजून तेथे तक्रारी नोंदवल्या. पत्ता डोळ्यांसमोर असूनही तो वाचला गेला नाही. बँकेचे नाव टंकित करून पहिल्या निकालावर विसंबणाऱ्याच्या बाबतीत अशा चुकीची किंमत किती मोठी असू शकते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. लहान व्यावसायिकाची स्थितीही दोलायमान आहे. नावाचे वार्षिक शुल्क भरले की पूर्वी पत्ता त्याचा राहत असे, आणि आजही राहतो. मात्र त्या पत्त्याकडे येणारी वाट दर दिवसाच्या लिलावात ठरते. 2024 पासून शोधयंत्र स्वतःच उत्तर रचून देऊ लागल्याने ती वाट अधिकच अरुंद होण्याची चिन्हे आहेत.

या सत्तेची दखल आता नियामक घेत आहेत. भारतीय स्पर्धा आयोगाने 2022 च्या ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइडसंबंधीच्या प्रकरणात गुगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला. त्यानंतर 2023 च्या जानेवारीत गुगलने भारतात पूर्वनिर्धारित शोधयंत्र निवडण्याचा पर्याय देण्याचे जाहीर केले. अमेरिकेतील न्यायालयाने 2024 मध्ये गुगलने मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचे ठरवले. 2025 च्या सप्टेंबरमधील आदेशाने अनन्य करारांना मनाई केली, मात्र पैसे देण्यावर बंदी घातली नाही. चौकटीचे भाडे त्यामुळे थांबलेले नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

1) सामान्यनामाच्या डोमेनचे मूल्य शब्दात अंगभूत नव्हते. ब्राउझरच्या वर्तनातून ते निर्माण झाले होते, म्हणून त्या वर्तनाबरोबर ते बदलले.

2) एकत्रित चौकटीमुळे थेट वर्दळीचा व शोधस्थानाचा घटक क्षीण झाला; प्रतिष्ठेचा घटक टिकला व निवडक नावांच्या बाबतीत महाग झाला.

3) गमावलेल्या मूल्याचा लाभ सर्वसामान्यांना अंशतःच झाला. त्याचा मोठा वाटा शोधयंत्र व ब्राउझर यांच्या मालकांकडे गेला.

4) भारतीय भाषांतील सामान्यनामांना लिपीच्या अडचणीमुळे आरंभीचा लाभ मिळाला नाही, आणि लिपी उपलब्ध झाली तेव्हा पत्त्याचे महत्त्व ओसरले होते.

डोमेन नावांचे सट्टेबाज सार्वजनिक शब्द अडवून धरीत, ही टीका यथार्थ होती. परंतु त्यांची मालकी एका खुल्या नोंदवहीत सर्वांना दिसत असे, आणि एक नाव गेले तरी दुसरे घेता येत असे. आजच्या चौकटीची नोंदवही कोणासही पाहता येत नाही. सर्वांचा शब्द एकाच्या ताब्यात जाऊ नये, ही न्या. ब्रेयर यांची चिंता रास्त होती. मात्र तिचा रोख आता नावाच्या धारकापेक्षा चौकटीच्या धारकाकडे वळवणे अधिक आवश्यक झाले आहे.